बाणातला की नळातला

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता. ती मला घरात फोन आल्यापासून बावीस वर्षांत मिळाली नाही. पुढच्या खोलीत माझं टेबल, टेबलाला लागून फोन, आणि बरोबर साडेआठला आमची बायको त्यावरून थोरल्या बहिणीला गाठणार. कशासाठी? तर पेपरातलं शब्दकोडं सोडवायला! दोघींच्या घरी एकच पेपर. आडवे शब्द ही वाचणार, उभे ताई वाचणार. फोनचा आवाज एवढा मोठा, की माझ्या चिमट्यातला स्क्रू थरथरायचा. "आवाज कमी कर गं!" असं मी रोज ओरडायचो, आणि रोज माझ्याकडे दुर्लक्ष व्हायचं.

बरं, सोडवा ना मुकाट्यानं! पण ताईचं सासर लांबच्या मुलखात. तिकडे ण आणि न एकाच मापानं मोजतात, आणि चाळीस वर्षांत ताई पक्की तिकडची झालेली. आमची ही शाळेतली मास्तरीण. ताई म्हणणार, "तिसरं अक्षर न." ही लिहिणार. मग आडवा शब्द अडणार, खोडाखोडीत कागदाला भोक पडणार.

"अगं, बाणातला की नळातला?"

"बानातला!"

आता बोला! माणसानं कपाळावर हात मारायचा नाही तर काय करायचं?

"आधी जीभ सुधार तुझी," ही कडाडायची.

"आमच्याकडे असंच बोलतात!" ताई उसळायची. "एकतीस वर्षं बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्यात मी. एकाची तरी गाडी चुकली का?"

तेही खरंच. मी एकदा त्या स्टँडवर उतरलो होतो. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत तिचा खणखणीत आवाज येत होता, आणि लोक पिशव्या उचलून बरोबर आपापल्या गाडीकडे पळत होते. पण ही बाई ऐकेल तर शपथ! शेवटी ताई फोन आदळायची. दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा तेच.

दोन महिन्यांपूर्वी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. डॉक्टरांनी सुनेला बजावलं, "यांना बोलतं ठेवा. आत्ता गप्प राहिल्या, तर पुढे फार जड जाईल." पण ताईनं तोंडच मिटून घेतलं. ज्या आवाजानं अख्खं स्टँड हलवलं, तो असा फुटका निघतो, हे तिला सोसेना. कुणी बोलायला गेलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

साडेआठचा फोन मात्र हिनं सोडला नाही. सून उशीजवळ फोन धरायची, आणि ही लाडीगोडीनं वाचायची, "सावकाश हं ताई, घाई नाही." शेवटी उत्तरही हीच द्यायची. ही इतकं गोड बोलू शकते, हे मला लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळलं. माझा जीव नुसता जळायचा.

"ती काय तान्हं बाळ आहे?" मी एकदा म्हणालो.

"तुम्ही तुमचे काटे बघा," हिनं मला झापलं. गोडवा सगळा फोनपुरताच होता.

पंचावन्नाव्या दिवशी हिनं वाचलं, "तहान लागली की मागतात. दोन अक्षरी." रोजच्यासारखी वाट बघितली. पलीकडे काहीतरी खरखरलं.

"पा... नी."

"पानी काय, पानी!" हिच्या तोंडून सवयीनं निसटलं. "बाणातला ण!"

माझ्या हातातला चिमटा पडला. इतक्या दिवसांनी ती बिचारी एक शब्द बोलली, आणि हिनं त्यात चूक काढली! हिचाही चेहरा पांढराफटक पडला. मग सुनेचा दबका आवाज आला, "मावशी, अहो हे काय..."

तेवढ्यात धाप ऐकू आली.

"आ... आमच्या... कडे," ताई एकेक शब्द ओढून काढत होती, "अ... संच... बोलतात!"

"मग मी लिहू काय, कपाळ?" ही ओरडली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज अस्सल मास्तरणीचा. "नीट सांग! बाणातला की नळातला?"

"बा... नातला!"

मी उठलो आणि फोनचा आवाज जेवढा वाढेल तेवढा वाढवला.