लोटलेले दार

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार. सकाळी नळ आला, टाकी भरून घेतली. गच्चीवर तूर वाळत घातली. दुपारी मस्कतहून रुबीनाचा व्हिडिओ कॉल. शब-ए-बरातचा हलवा केला होता. ती घराबाहेर अडकली, मुले आत. माहेनूरने दार उघडले. सगळे ठीक आहेत. संध्याकाळी तूर गच्चीवरच राहिली.

वहीत त्या दिवशी एवढेच लिहिले. त्याहून जास्त लिहायला हात चालला नाही. आता चालतो आहे, म्हणून रुबीनाबद्दल नीट लिहिते.

रुबीना मूळची बार्शीटाकळीची. वडील कुर्बानभाई आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान लावत. लग्न झाले वलगावच्या मोईजशी. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. वलगावहून रोज ये-जा नको म्हणून दोघांनी अमरावतीत माझ्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते, घरात आवाज नव्हता. महिन्याभरात तो भरपूर झाला. रुबीनाने शिवणयंत्र जिन्याच्या वरच्या पायरीशी, उजेडात मांडले आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायला लागली. बायका जिन्यात बसून असायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या मुलाला मुलगी मिळत नाही, सगळे माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे. तिची थोरली मुलगी माहेनूर त्या यंत्राखाली रांगायला शिकली. धाकटा फरदीन तर जिना उतरायला आधी शिकला, चालायला मागाहून.

आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. शेजारी जायचे तर बाई दार लोटते. मांजर आत शिरू नये एवढ्यापुरते. लोटलेले दार म्हणजे घरात माणूस आहे, हाक मारा. रुबीना दह्यासाठी खाली यायची, ताट घेऊन समोर जायची, तेव्हा मागे न बघता, टाचेने दार ओढून घ्यायची. फरदीन कडेवर असला तरी.

मोईजला मस्कतमध्ये एका शीतगृहात काम मिळाले. वर्षभराने त्याने बायको-मुलांना बोलावून घेतले. जाताना रुबीनाने माझ्या हातून फोनमध्ये व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते तीन-चारदा करून घेतले. "काकू, तुमी इंग्रजी शिकलेल्या, अन् तुमाले हे बटन दिसत नाई?" असे वर ऐकवलेही.

आधी काही महिने ते दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर राहिले. मग शहराबाहेरच्या नव्या इमारतीत स्वतःचे घर मिळाले. नवव्या मजल्यावर. मोईज पहाटे कंपनीच्या गाडीने जायचा, अंधार पडल्यावर यायचा. खिडक्या उघडत नाहीत, कारण त्या उघडायच्या नाहीतच, काच बसवूनच टाकलेली. खाली रस्ता, पलीकडे डोंगर, आणि रस्त्याने चालणारा माणूस कधी दिसत नाही.

दुपारी ती मला फोन लावायची आणि ओट्यावर साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायची. आम्ही फार बोलत नसू. ती तिथे पोळ्या करायची, मी इथे भाजी निवडायची. एकदा बाहेर भाजीवाला ओरडत होता म्हणून मी खिडकी लावायला उठले, तर तिकडून म्हणाली, "राहू द्या नं काकू. त्याले ओरडू द्या. माह्या घरात कोनाचा आवाजच येत नाई."

शब-ए-बरातला हलवा करायचा आणि आधी शेजाऱ्यांना पाठवायचा, मगच घरात खायचा, ही तिच्या आईची, हलीमाबींची रीत. माझ्या घरी दर वर्षी चण्याच्या डाळीच्या हलव्याचे ताट वरून खाली यायचे. त्या मंगळवारी रुबीनाने तिथे पहिल्यांदा हलवा केला. पुऱ्यांसाठी विजेच्या शेगडीवर तेल तापत ठेवले होते.

"शेजारी कोन रायते?" मी विचारले.

"मालूम नाई. लिफ्टमध्ये एक बाई दिसते, हसते. आज देऊन पाहातो हलवा. मंग बोलन तरी." तिने ताटावर विणलेला रुमाल टाकला, डोक्यावर ओढणी घेतली. "माहेनूर, भाईले पाय. मी आलीच."

मला पडद्यावर कढई दिसत होती आणि तिच्यामागे दाराचा तुकडा. रुबीना बाहेर गेली आणि जाताना टाचेने दार ओढून घेतले. खट्ट असा आवाज झाला.

आमच्याकडच्या दाराला असा आवाज नसतो. मला आधी काही कळलेच नाही. मग दारावर थापा सुरू झाल्या. ते दार ओढले की आपोआप कुलूप लागत होते, बाहेरून चावीशिवाय उघडत नव्हते.

"माहेनूर! दार उघड! बेटा, दार!"

माहेनूरला पाचवे लागले होते. ती दाराशी गेली, हात उंच केले आणि परत आली. कुलपाची कळ तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. फरदीन रडायला लागला. बाहेरून रुबीना इतर दारे ठोठावत होती, तेही ऐकू येत होते. एकही उघडले नाही. परत येऊन ती ओरडली, "तेल! माहेनूर, शेगडी बंद कर! मागचं बटन फिरव!"

शेगडीची बटणे कढईच्या मागे, भिंतीत होती. त्यांना हात लावायचा तर पोरीला स्टुलावर चढून उकळत्या तेलावरून वाकावे लागले असते. ती स्टूल ओढायला लागली.

"माहेनूर, नाही! शेगडीजवळ यायचं नाही!" मी ओरडले.

ती थांबली. फोनकडे पाहिले. "अम्मी म्हनते बंद कर."

"अम्मीला तिथून दिसत नाही बेटा. मला दिसतं. तू दाराकडे जा."

"तुमी वरडू नका आजी, फरदीन घाबरते."

तेलातून धूर निघायला लागला होता. मोईजला फोन करायचा तर हा फोन ठेवावा लागणार, आणि ठेवला तर त्या घरात पोरीशी बोलायला कुणी उरणार नाही. मी हातात तूर पाखडायचे रिकामे सूप धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि इथून मस्कतपर्यंत मला एक बोटही पोचवता येत नव्हते.

आवाज शक्य तितका खाली आणून मी म्हटले, "दाराजवळ काय काय आहे? सांग मला."

"चपला. पान्याची कॅन. मोठी बॅग."

अमरावतीहून नेलेली बॅग. रुबीनाने ती रिकामी केलीच नव्हती. "आडवी पाड. तिच्यावर चढ."

बॅग पडल्याचा आवाज आला. मग माहेनूर पडद्याबाहेर गेली. मला फक्त कढई, धूर आणि फरदीनचे रडणे. बाहेरून रुबीना आता ओरडत नव्हती, हळू बोलत होती. "चढली का? हाव? आता कळ फिरव. तिकडं नाई, खिडकीकडं फिरव. दोन्ही हातानं."

दार आत उघडत होते आणि आत बॅग होती, बॅगेवर मूल. कळ फिरली, रुबीनाने ढकलले, माहेनूर खाली पडली आणि तिने भोंगा पसरला. फटीतून आधी एक हात आला, मग रुबीना. तिने पहिल्यांदा शेगडी बंद केली, ओढणीने कढई उचलून मोरीजवळ ठेवली, मग मुलांकडे वळली. हलव्याचे ताट बाहेरच राहिले होते.

दोन दिवस तिचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी मी लावला. ती जमिनीवर बसलेली होती, मागे शेगडी बंद.

"काकू, आता माहेनूरचे अब्बा जाताना बाहेरून चावी लावतात. चावी घेऊनच जातात."

"कावून, का म्हणून?" मी विचारले.

"म्हनतात, तू बाहेर जाशीनच नाई तर अडकशीन कशी."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी मोईजशी बोलले. तो वाईट मुलगा नाही. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "काकू, तुमी तिथं पाहिलं, मले तर रात्री समजलं. मी कामावर अस्तो, माहं डोकं घरी रायते. तिले इथली भाषा येत नाई. कोनाच्या दारात उभी राहीन?"

"आणि आग लागली तर, मोईज? बाहेरून कुलूप असताना?"

 "पाहातो," तो म्हणाला. कुलूप मात्र तसेच राहिले.

मी हलीमाबींना बार्शीटाकळीला फोन केला. मुलीने त्यांना काहीच सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्या अकोल्याहून एसटीने माझ्याकडे आल्या, पाणीही न पिता म्हणाल्या, "बाई, लावा फोन जावयाले."

मोईज जेवणाच्या सुट्टीत होता. हलीमाबींनी फोन हातात धरला, आरशात पाहावे तसा. "मोईजमियाँ, माह्या घरी कोंबड्याबी दिवसा मोकळ्या रायतात."

"अम्मी, इथं बाहेर हाय काय? लिफ्ट हाय अन् रस्ता हाय."

"मंग ते पाहू द्या तिले. पाहून कंटाळली त आपली आत येईन. तुमाले चावी कावून पायजे? फ्रिज हाय का थे, का उघडला त गरम होईन?"

तिकडे मोईजच्या मागे कुणीतरी हसले. मोईजही कसनुसा हसला. "देतो अम्मी, चावी घरी ठेवतो." आणि त्याने ठेवली.

हलीमाबी पाच-सहा दिवस राहिल्या. रोज दुपारी आम्ही दोघी फोनसमोर बसायचो. चावी रुबीनाच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. पहिल्या दिवशी ती मुलांना घेऊन खाली उतरली. इमारतीला एक फेरी मारली. ऊन, गाड्या. वर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उतरलीच नाही.

"चावी हाय नं?" हलीमाबींनी विचारले.

"हाय अम्मी. जाऊ कुठं?"

 

काल रुबीनाने दारात माहेनूरची चप्पल अडकवून दार उघडे ठेवले आणि आत, दाराशीच, भाजी चिरत बसली. फोन तिने असा ठेवला होता की आम्हाला बाहेरचा कॉरिडॉर दिसावा. लांबच लांब, दोन्ही बाजूंना बंद दारे. फरदीन उंबऱ्यावर बसून डबा वाजवत होता. मधे लिफ्ट एकदा त्यांच्या मजल्यावर थांबली. रुबीनाने सुरी खाली ठेवली, ओढणी नीट केली. कुणी उतरले नाही. दारे आपोआप मिटली आणि लिफ्ट वर गेली.

"येईन कोनी," हलीमाबी म्हणाल्या.

"हाव," रुबीना म्हणाली आणि सुरी उचलली. चप्पल संध्याकाळपर्यंत दारात होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार. हलीमाबी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेल्या. त्यांच्या चहासाठी घेतलेले जास्तीचे दूध उरले, त्याला विरजण लावले.