जुन्या मैफलीतली घरघर

आमच्या गल्लीतला अँप्लिफायर दुरुस्त करणारा कधी स्वस्थ बसत नाही. बोलतानाही स्क्रूड्रायव्हर मांडीवर आपटत असतो. कोल्हापुरातल्याच एका जुन्या मैफलीचा अल्बम आवाज साफ करून पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्या दुकानात आम्ही चौघे कडाकडा भांडलो. मी म्हणालो, "जुन्यातली ती घरघरच जिवंत होती."

"कसली जिवंत, मास्तर? अर्थिंगची वायर ढिली ऱ्हायलीती, म्हणून घरघर. त्या दिवशी साउंड माझाच हुता."

इतकी वर्षं हे तो कुणाला बोलला नव्हता.

मग त्यानंच नवा अल्बम लावला. आवाज लख्ख. मांडीवरचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यानं स्पीकरला कान लावला, पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

"आता मी न्हाईच की ह्यात."