चार घरांचा स्वयंपाक

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मावशींचा हात आधी गॅसच्या बटणाकडे जायचा. "बंद करा ताई, वाफ हाय ना आत." मी पाचव्या शिट्टीची वाट बघत उभी असायचे. माझं ते नुसतं उभं राहणंही त्यांना उधळपट्टी वाटायचं.

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत त्या चार घरी स्वयंपाक करत. त्या चार घरांवरच त्यांचं सगळं चालायचं. मूळच्या कळवणकडच्या. बोलणं मोजकं, हात सतत चालू. अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल म्हणा, पण आमच्या मावशींना एक खोड होती. त्या शिकवायच्या.

आल्याआल्या तूरडाळ कोमट पाण्यात. ती भिजेपर्यंत कणीक. मग कुकरमध्ये खाली डाळ, त्यावर तांदूळ, सगळ्यात वर बटाटे आणि दोन शिट्ट्यांना गॅस बंद. वाफ जिरेपर्यंत पोळ्या झालेल्या. कालचं वरण उरलं तर ते कणकेत जायचं. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारी एकदाच भाजून आठवड्याचं करून ठेवायचं, त्यात कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा. एकदा मी काड्या टाकायला निघाले, तर त्यांनी त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि धुऊन मिक्सरमध्ये घातल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटलं मला.

भाजी बाजार उठायच्या वेळी घ्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. खेड्यातून आलेल्यांना परतीची गाडी गाठायची असते, तेव्हा मेथीची जुडी निम्म्यात मिळते. पण तिथे घासाघीस करायची नाही. "ते आपणहून कमी करत्यात. तुम्ही तोंड उघडू नका," असा दम होता.

हे सगळं त्यांनी चारही घरी शिकवलं. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं, एवढंच असेल तर आपणच करू. मग समोरच्यांना वाटलं. मग खालच्यांना. मी मावशींवर चिडले. अहो, कशाला सांगत बसता सगळ्यांना, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, असं बजावलं. त्या कणीक मळत राहिल्या.

"येतं ते सांगायचं नाय, असं कसं ताई?"

उरलं माझं घर. आणि बघा, मीच ती शहाणी! माझं ऑफिसचं काम घरून सुरू झालं होतं, रविवारचं वाटण मीच करत होते, भाजी निवडून ठेवत होते. नवरा म्हणाला, मग मावशी करतात काय? पंधरा दिवस मी हा विषय टाळला. शेवटी पोळ्या चालू असताना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून नको.

मावशींनी तव्यावरची पोळी उलटली. ती नीट भाजून उतरवली.

"मग उद्यापासून तुम्ही करा, मी बघते. कुठं अडलं तर मी हाय तोवर सांगता येईल."

महिन्याचे आठ दिवस उरले होते. ते आठही दिवस त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्यासमोर त्यांचं काम शिकून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी शिकले.

पुढे वॉचमनकडून कळलं, त्या गावी गेल्या. त्यांचा फोन लागत नाही. मी बऱ्याचदा लावून पाहिला.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवीन जोडपं आलं. दोघांचीही नोकरी. त्यातली बायको एकदा माझ्याकडे बसली होती आणि तिच्यादेखत मी वरण, भात, भाजी, पोळ्या सगळं चाळीस मिनिटांत उरकलं. ती बघतच राहिली. म्हणाली, काकू, मलाही शिकवा ना, म्हणजे स्वयंपाकाला बाई ठेवायला नको.

"नाही जमायचं तुला," मी म्हटलं. "बाई ठेव."