आधी तू गिळ

आमच्या माहेरच्या घराण्यात माणसं ओठांवर काळे-जांभळे ठिपके घेऊनच वाढतात. बाबांना होते, माझ्या थोरल्या भावाला आहेत, मलाही आहेत. मसुऱ्याच्या शाळेत पोरी विचारायच्या, "जांभळां खाऊन इलंस काय गो?" लग्न ठरताना ते तीळ म्हणून खपून गेले. बाबा चाळिशीतच पोटात कळ येऊन दोन दिवसांत गेले. आतड्याला पीळ पडला, एवढंच कळलं. त्याचा आणि ओठांचा संबंध जोडावा, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. गावाने करणी ठरवली आणि विषय मिटवला.

तो संबंध जोडला मालवणातल्या एका दातांच्या डॉक्टरणीने. माझं सासर मालवणात, बाजारात माझी खानावळ आहे. दाढ दुखते म्हणून दादा माझ्याकडे आला, मी त्याला तिच्याकडे नेलं. दाढ राहिली बाजूला, ती त्याच्या ओठांकडेच बघत बसली. मग बॅटरी मारून गालाच्या आतही बघितलं.

"घरात अजून कुणाला आहेत असे?"

मी माझा ओठ पुढे केला. वडील कशाने गेले, तेही तिने विचारून घेतलं. म्हणाली, असे ठिपके असणाऱ्यांच्या आतड्यात गाठी होऊ शकतात, हे वडिलांकडून मुलांत येतं, तुम्ही दोघांनीही तपासून घ्या. माझ्या लेकीच्या वयाची पोर. नुसती दाढ काढून मोकळी झाली असती, तरी तिला कोण बोलणार होतं? पण ती बोलली, आणि दोन दिवसांनी फोन करून गेलात का म्हणून दटावलंही.

फोंडाघाट चढून आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं, की तोंडातून आणि खालून नेहमीची नळी घातली तरी लहान आतड्याचा मधला बराच भाग दिसत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची. पोटावर पट्ट्या चिकटवतात, कमरेला यंत्र बांधतात. कॅप्सूल दिवसभर आतले फोटो पाठवत जाते आणि शेवटी शौचावाटे बाहेर पडते.

दादाचं पोट अधूनमधून दुखायचं, म्हणून मला घोर त्याचाच होता. मी आपली सोबतीला. मला धोंडे पचतात. पण ऐनवेळी दादा अडून बसला.

"खंय अडाकली तर? पयली तू गीळ. तुझी भायर इली काय मगे मी."

"माका काय धाड भरली?"

"मगे चल घराक."

साठी आली तरी भित्रा तो भित्राच, असं मी त्याला दवाखान्यात चारचौघांत ऐकवलं. आणि निव्वळ त्याच्यासाठी म्हणून तयार झाले.

आदल्या दिवशी पेजेची निवळ आणि शहाळ्याचं पाणी, वर पोट साफ करायचं औषध. जन्मभर लोकांना पोटभर वाढणारी मी, लॉजच्या खाटेवर उपाशी कण्हत होते. कॅप्सूल फणसाच्या आठळीहून थोडी लहान, पण गिळताना आठळीच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासातूनच ओरडले, "इली रे दादा, इली!" लॉजवाल्याला वाटलं आमची एस्टी आली, तो बॅगा उचलायला धावला.

मग दादाने एका घोटात त्याची गिळली. कुरकुर नाही, काही नाही. मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

दोघांचे रिपोर्ट एकदमच मिळाले. दादाच्या आतड्यात बारीकसारीक दोन-तीन गाठी, फक्त लक्ष ठेवायच्या. माझ्या आतड्यात मात्र एक मोठी, अर्धी वाट अडवून बसलेली. डॉक्टर म्हणाले, ही अजून वाढली असती तर आतड्यात आतडं शिरलं असतं, तुमच्या वडिलांचं बहुतेक तसंच झालं असणार. पोट न कापता, खास लांब नळी घालून त्यांनी ती गाठ काढली. मी जिवंत आहे, सकाळी उठून सुरमई साफ करते, याचं आजही मला नवल वाटतं. त्या डॉक्टरांचे, त्या पोरीचे उपकार कशाने फिटणार!

गाठ काढली त्या दिवशी दादा माझ्या खाटेशी बसून होता. डोळे लाल. मी म्हटलं, "तू भियालंस म्हणान मी वाचलंय, कळलां?"

"भियालंय गो," तो म्हणाला. "पण भीती माझ्या जिवाची नाय होती. तू सोबतीक म्हणान इल्लंस, तशीच परत गेलं असतंस."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर रडू आलं आणि रागही आला.

"मगे तोंडान सांगूक काय झाला होता?"

"सांगलां असतां तर आयकलां असतंस?"

नसतंच ऐकलं.