एनिडच्या मनोऱ्यातले सहा दोर

एनिड गारफिटनं मला घंटेचा दोर धरायला शिकवलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. चर उपसायच्या यंत्रावर वीस वर्षं काढून हात राठ झाले होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "रेक्स, ताकद खाली ठेवून वर येत जा. इथं ताकदीचं काम नाही."

सात आठवडे तिनं मला मुक्या घंटेवर ठेवलं. म्हणजे लोलक बांधलेली घंटा. ओढायची, सोडायची, पुन्हा धरायची. आवाज काही नाही. सातव्या आठवड्याच्या शेवटी तिनं लोलक सोडला आणि म्हणाली, "आता गावाला त्रास दे."

तिचा हा नियम सगळ्यांना सारखा होता. पाद्रीबुवांच्या मुलालाही सात आठवडे. तो पाचव्यात पळाला.

आमच्या होल्बी फेनच्या देवळाच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. वाजवायच्या आधी प्रत्येक घंटा तोंड वर करून उभी करावी लागते. मोठी घंटा अर्ध्या टनाची. ती तोलावर उभी असते आणि एका लाकडी अडणीला टेकलेली असते, बस. खाली दोर धरलेल्या माणसाचं लक्ष ढळलं तर अडणी मोडते, घंटा गरगरते आणि दोर माणसाला वर खेचतो. म्हणून एनिडच्या मनोऱ्यात बोलणं नाही, फोन नाही, आणि ज्याची परीक्षा तिनं घेतली नाही त्याचा हात दोराला नाही.

एनिड चौतीस वर्षं भाजीच्या पॅकिंग शेडमध्ये होती. फ्लॉवरच्या गड्ड्याला पानं किती ठेवायची यावरून ती माणूस पारखायची. युर्गिता तिला तिथंच भेटली. लिथुएनियाहून आलेली, पंचविशीची, पहिल्या दिवशी इंग्रजीची चार वाक्यं येत होती. एनिड सांगायची, "दुपारपर्यंत तिनं माझ्यापेक्षा चांगले गड्डे कापले. मग मी तिच्याशी भांडले."

पुढं एनिड निवृत्त झाली. युर्गिता लाइनची मुकादम झाली आणि एनिडच्या मनोऱ्यात आली. सात आठवडे तिनंही मुकी घंटा ओढली. दोन वर्षांत ती आमच्यात सगळ्यांत चांगली झाली. घंटांचा क्रम दर फेरीला बदलतो, तो आम्ही पाठ करायचो. तिला तो ऐकू यायचा.

एनिड एकाहत्तरीची झाली होती. उजवा खांदा गेला होता. शेजारच्या गावचा मनोरा माणसांवाचून बंद पडून नऊ वर्षं झाली होती, तिथं आता कबुतरं राहतात. आपल्यामागं मनोरा कुणी सांभाळायचा ते एनिडनं ठरवलं होतं. ती बोलली नव्हती, पण सराव संपल्यावर किल्ली आताशा युर्गिताच्या हातात द्यायची.

आता जानेवारी दोन हजार वीस. महिनाअखेरीला देश युरोपीय संघातून बाहेर पडणार होता. आमच्या भागात दहातल्या सातांनी बाहेर पडायचं मत दिलं होतं. मी दिलं होतं. एनिडनंही दिलं होतं. आमचा निर्णय आम्ही घ्यावा, ब्रसेल्सनं नाही, एवढंच आमचं म्हणणं होतं. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. पण साडेतीन वर्षं नुसती भांडणं चालली होती. बाप लेकाशी बोलत नव्हता. पबमध्ये दोन टोकांना दोन टोळकी बसायची.

मनोऱ्यात मात्र हा विषय एनिडनं येऊ दिला नव्हता. तो आणला लायनलनं. लायनल तिचा दीर. नवरा गेल्यापासून दर रविवारी तो तिच्याकडं जेवायला असायचा. बुधवारच्या सरावाला त्यानं दोर धरायच्या आधीच तोंड उघडलं.

"एक तारखेला शनिवार आहे. भर दुपारी सहाही घंटा वाजवू. सत्तेचाळीस वर्षांनी मोकळे होतोय, एनिड!"

"लग्न, मरण आणि रविवार," एनिड म्हणाली. "निवडणुकीला आपण वाजवत नाही."

"ही निवडणूक नाही. हा इतिहास आहे."

"मग इतिहासाला पत्रं पाठव. दोर धर."

विषय संपला असं मला वाटलं. पुढच्या बुधवारी पत्र आलं. परगण्याच्या घंटावाल्यांच्या संघटनेनं सगळ्या मनोऱ्यांना पाठवलेलं. एनिडनं चष्मा लावून उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. राजकीय कारणासाठी घंटा वाजवू नयेत. सर्व मनोऱ्यांच्या कॅप्टनांनी हे पाळावं. न पाळल्यास संघटना कारवाई करेल. तिची स्वतःची मतंच होती ती. पण वाचता वाचता तिची मान लाल झाली.

"पाळावं?" ती म्हणाली. "या मनोऱ्यात मी बावन्न वर्षं आहे. यातला एक तरी माणूस इथल्या त्रेचाळीस पायऱ्या चढलाय का? माझ्या मनोऱ्यात काय वाजायचं ते हे सांगणार?"

लायनल हसला. "हेच तर मी साडेतीन वर्षं सांगतोय."

"तू गप्प बस. हात वर करा. एक तारखेला वाजवायचं असेल त्यांनी."

लायनलचा हात वर. तिचा हात वर. मी माझाही केला. कॅप्टननं विचारलं की हात वर करायचा, एवढाच विचार मी त्या वेळी केला. पोस्टाचं दुकान चालवणारं डाऊज जोडपं एकमेकांकडं बघत राहिलं.

"आमचं तटस्थ धरा," टिली डाऊज म्हणाली. "गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे."

"पण वाजवायला येऊ," नोएल घाईनं म्हणाला.

राहिली युर्गिता. तिच्या हातात दोर होता.

"एनिड, तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"सगळ्यांना विचारतेय."

"अकरा वर्षं इथं राहिल्यावर गेल्या वर्षी मला इथंच राहण्याचा अर्ज करावा लागला. फोनमध्ये तोंड दाखवून. तो अर्ज भरताना तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. आता त्याच्या आनंदात मी घंटा वाजवू?"

"पोरी, हे तुझ्याविरुद्ध नाहीये."

"मग कुणाविरुद्ध आहे?"

अडचणीत आली की एनिड हुकूम देते. "ज्याला नको असेल त्यानं येऊ नये," ती म्हणाली. "कुणावाचून अडत नाही."

युर्गितानं दोराची गुंडाळी केली, शिकवली तशी, तीन वेढे आणि एक फास. खुंटीला अडकवली. खिशातून मनोऱ्याची किल्ली काढून खिडकीच्या कोनाड्यात ठेवली आणि खाली गेली.

पाच घंटा वाजवता आल्या असत्या. पण लायनल ऐकेना. "पाच वाजल्या तर गाव विचारेल सहावी कुठाय. मग सांगायचं काय, लिथुएनियाची बाई रुसली?"

एकोणतीस तारखेला त्यानं पबमधून मर्विनला आणलं. मर्विन चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात घंटा वाजवायचा. आता एकसष्ट, पोट पुढं. एनिडनं त्याला युर्गिताच्या दोरावर उभं केलं. दोरावर पकडीसाठी जाड लोकर विणलेली असते, त्या लोकरी भागावर त्याचा हात दर वेळी जरा उशिरा पडत होता. मी पाहत होतो. एनिडही पाहत होती.

"सायकलसारखं असतं," मर्विन घाम पुसत म्हणाला. "एकदा आलं की आलं."

"सायकल अर्ध्या टनाची नसते," एनिड म्हणाली.

मला वाटलं ती आता त्याला घरी पाठवणार. तिनं खांदा चोळला. लायनल तिच्याकडं बघत होता. "शनिवारी अर्धा तास आधी ये," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पाद्रीबुवांच्या मुलाला जो नियम सोडला नव्हता, तो तिनं एका संध्याकाळात सोडला. तोही युर्गिताच्या जागी.

शनिवारी देवळाच्या आवारात साठेक माणसं होती. झेंडे, थर्मास, कुणीतरी सॉसेज रोलचा ट्रे आणलेला. रस्त्यापलीकडं भिंतीला टेकून काहीजण नुसते उभे होते, टाळ्या न वाजवता. वर जाताना मी त्यांच्यात युर्गिता आहे का पाहिलं. नव्हती. तिची शनिवारची पाळी असते.

वर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आम्ही सहाही घंटा उभ्या केल्या. मर्विनची सगळ्यांत शेवटी उभी राहिली. एनिडनं विचारलं, "तयार?" तिचा आवाज बारीक झाला होता. बावन्न वर्षांत तो तसा झाला नसावा.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. बारीक घंटेपासून मोठीपर्यंत उतरता क्रम, एक ते सहा, पुन्हा एक ते सहा. मग मर्विननं खाली आवाराकडं पाहिलं. खिडकीतून लोकांचा ओरडा आला म्हणून. एवढंच. त्याचा हात लोकरी भागावर पडला नाही.

वर लाकूड मोडल्याचा आवाज आला. मी ओरडलो, "सोड!" एनिडही ओरडली. पण मर्विन घाबरला होता आणि घाबरलेला माणूस दोर सोडत नाही. दोरानं त्याला उचललं. चार फूट तरी. त्याचे बूट माझ्या छातीच्या उंचीला आले. मग त्याचे हात सुटले आणि तो दगडी फरशीवर कुशीवर पडला.

"थांबा!" एनिडनं हुकूम दिला. आम्ही पाचांनी आपापली घंटा उभी करून थांबवली. मोकळा दोर खोलीभर फटके मारत होता. एनिड भिंतीला पाठ लावून मर्विनपाशी सरकली आणि त्याच्यावर वाकून बसली. दोराचा एक फटका तिच्या पाठीत बसला. ती हलली नाही. घंटा वर आपोआप शांत होईपर्यंत तशीच बसून राहिली.

खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं.

मर्विनचं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. मानेवर पडला असता तर मेलाच असता. रुग्णवाहिका आली तेव्हा लायनल पायऱ्यांवर म्हणाला, "दुर्दैव, दुसरं काय."

"दुर्दैव नाही," एनिड म्हणाली. "मी."

पुढचे दोन आठवडे एनिड आणि मी अडणीचं नवं लाकूड घासत होतो. काम दोन दिवसांचं. तिनं तीनदा परत घासायला लावलं. एका दुपारी मी म्हटलं, "लाकूड आता तयार आहे, एनिड. तुम्ही टाळताय."

तिनं रंधा खाली ठेवला. "गाडी काढ," ती म्हणाली.

पॅकिंग शेडच्या फाटकावर आम्ही दोन वाजता पोचलो. पाळी सुटत होती. युर्गिता जाळीची टोपी काढत बाहेर आली, आम्हाला पाहून थांबली. बरोबरच्या बायका थोड्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"खांदा कसा आहे?" युर्गितानं विचारलं.

"तसाच. बुधवारी साडेसातला सराव आहे."

"मला माहितीय कधी असतो."

"तू ये."

"का? मर्विन बरा झाला नाही म्हणून?"

मागच्या बायकांत कुणीतरी हसलं. एनिडनं ओठ आवळले. मला वाटलं ती आता गाडीत बसणार.

"माझं चुकलं म्हणून," ती म्हणाली.

"इथं फाटकावर चुकलं होय?" युर्गिताचा आवाज चढला नाही, पण हातातली टोपी तिनं पिळून काढली होती. "एनिड, अडत नाही असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. लायनलसमोर. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, म्हातारीला खांद्याचा त्रास होता म्हणून बोलली. खोटं सांगितलं. मला लाज वाटली तुमची. जे बोलायचं ते तिथं बोला. मग बघू."

"बुधवारी ये, मग बोलते."

"बोलणार असाल तर येते."

परत आल्यावर घराशी उतरताना एनिड म्हणाली, "लायनल उठून जाईल, रेक्स."

"जाईल," मी म्हटलं.

"रविवारीही यायचा नाही मग."

मी गाडीतून उतरून तिला दारापर्यंत सोडलं.

बुधवारी आम्ही पाच जण आधी पोचलो. साडेसातला पायऱ्यांवर पावलं वाजली. युर्गिता आत आली आणि दाराशीच उभी राहिली. कोट काढला नाही.

एनिड खोलीच्या मधोमध गेली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. "पत्राचा राग होता," ती म्हणाली. "तो मी हिच्यावर काढला. अडत नाही म्हणाले, ते खोटं होतं. हिच्या जागी जो माणूस मी उभा केला तो मरता मरता वाचला. घंटा कुणाच्या जिंकण्यासाठी वाजवायच्या नाहीत, हे मला पत्राआधीही माहीत होतं. युर्गिता, मी तुझी माफी मागते. आणि ईस्टरनंतर मनोरा तू घ्यावास असं मला वाटतं."

"थांब, थांब," लायनल म्हणाला. "माफी? आपण जिंकलो, एनिड! तू स्वतः मत दिलंस!"

"दिलं. पुन्हा देईन."

"आणि आता कॅप्टन म्हणून ही? या मनोऱ्यात? आपल्या बापजाद्यांच्या?"

"तुझ्या बापानं या दोराला कधी हात लावला नाही, लायनल. पबमधून ऐकायचा तो."

नोएल डाऊजला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. लायनलनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं. माझ्यापाशी थांबला. "रेक्स? तू हात वर केला होतास."

"केला होता," मी म्हटलं. "तो खाली घेतला."

त्यानं टोपी घेतली. एनिड एक पाऊल पुढं झाली, मग थांबली. त्याची पावलं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पायऱ्या उतरेपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.

युर्गितानं कोट काढून खुंटीला लावला. आपल्या दोरापाशी गेली, वर पाहिलं, नव्या अडणीचा अंदाज घेण्यासाठी दोन हलके हिसके दिले.

"पाच जण आहोत," ती म्हणाली. "लायनलची घंटा उभी करू नका. एनिड, तुमची अर्धा ठोका मागं राहते खांद्यामुळं. मी सांगेन तेव्हा ओढा, त्याआधी नाही."

बावन्न वर्षांत असं एनिडला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपल्या दोरापाशी गेली.

"तयार?" युर्गितानं विचारलं.

"तयार," एनिड म्हणाली.