शेऱ्याचा रकाना

नाचणगावचा माणूस वामनभाऊंची बातमी घेऊन सिंदीला उतरला, तेव्हा मी बाजारात एका खरेदीदाराशी रुमालाखाली बोटं धरून कापसाचा भाव ठरवत होतो. तो कानाशी वाकून म्हणाला, "मास्तर गेले. सकायीच." मी ऐकलं आणि बोट सोडलं नाही. सौदा पुरा करूनच उठलो. भाव चांगला मिळाला... लाज वाटते, तरी लिहितो. वामनभाऊंनी हेही लिहायला लावलं असतं.

त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा आबाजी हे सख्खे भाऊ. वामनभाऊ शाळामास्तर झाले, मी अडत्या. आमच्या भाऊबंदांनी मला कधी भाऊबंद मानलंच नाही. आबाजी लवकर वारले, आणि त्यांच्या मागं राहिलेलं पोर, म्हणजे माझे वडील कोंडबा, हे आबाजींचं नव्हेच, गावच्या काशी सुईणीचं, असं थोरल्या पातीनं, म्हणजे वामनभाऊंच्या आजोबांच्या शाखेनं, गावभर करून ठेवलं. शेत गेलं. वडिलांनी जिनिंगमध्ये सरकी उपसून जन्म काढला. शेताचं मला काही वाटत नाही. तसली शेतं मी माझ्या जिभेवर मिळवली. पण माझ्या मुलीचं, शांतेचं लग्न आर्वीला ठरत आलं असताना वरपक्षानं वंशावळ मागितली आणि थोरल्या पातीनं आबाजींच्या नावाखाली 'निपुत्रिक' लिहिलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. सोयरीक मोडली. त्या दिवशी मी नाचणगावला जाऊन चावडीसमोर जे बोललो, ते इथं छापता येणार नाही.

मला हाताला धरून घरी नेलं ते वामनभाऊंनी. थोरल्या पातीतला हा एकटा माणूस मला 'नामा' म्हणायचा. "शिव्या देऊन वंशावळ बदलत नाई, नामा," ते म्हणाले. "कागदं पाहू."

कागद पाहिले, आणि प्रत्येक कागदानं वेगळंच सांगितलं. जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या नोंदीत आबाजींना मूल नाही. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात 'कोंडबा वल्द आबाजी' असं स्वच्छ लिहिलेलं. थोरली पाती म्हणायची, ते नाव आबाजींच्या बायकोनं मायेनं लावलं. मी म्हणायचो, शाळेचं खरं, बाकी सगळं खोटं, संपवा. वामनभाऊ ऐकत नसत. एका जाड वहीत ते प्रत्येक गोष्टीसमोर लिहायचे, कुठं पाहिलं आणि कोणी सांगितलं. बंदोबस्त वडिलांच्या जन्माआधीचा होता, हे शोधायलाच त्यांनी एक हिवाळा घालवला. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, तू अडत्या असता तं एक गठाण विकाले साल लावलं असतं."

"अन् तू मास्तर असता," ते चष्मा पुसत म्हणाले, "तं वंशावळीवरई पाणी मारून वजन वाढवलं असतं."

राहिलं होतं कोतवालाचं जन्ममृत्यूचं पुस्तक. खेटे घालून घालून वामनभाऊंनी त्या नोंदीची नक्कल मिळवली. नोंद मोडीत, म्हणून नक्कलही मोडीत. मी चौथीपर्यंत शिकलेला; मोडी मला येत नाही. मी गेलो तेव्हा ते खिडकीपाशी बसून कागदावर बोट फिरवत होते.

"काय लिवलं हाय?" मी विचारलं.

"थांब. पह्यल्या रकान्यात पोराचं नाव, कोंडबा. दुसऱ्यात घर. घर लिवलं हाय काशी सुईणीचं. आता पुढं..."

पुढं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात सगळं गाव हसायला लागलं. मी कागद हिसकला आणि टराटरा फाडला. तुकडे चुलीत टाकले.

"अरे, वाचून दाखवू तं दे ना मले पुरं!" ते ओरडले. आयुष्यात तेवढेच ओरडले.

"काय वाचतं? माह्या बापाले सुईणीचा लिवलेला वाचतं? तुमची पातीच तशी!"

ते चुलीकडं पाहत राहिले. मग चिमटा घेऊन राख उकरायला लागले.

त्यानंतर ते दुसऱ्या नकलेसाठी पुन्हा खेटे घालायला लागले. पण राज्य बदललं, दप्तरं इकडची तिकडं हलली, आणि ते पुस्तक कुठं गेलं ते कोणालाच सांगता येईना. तेवढं सांगायला वामनभाऊ सिंदीला आले, तीच शेवटची भेट. मी गादीवरून उठलोही नाही. "मास्तर," मी मुद्दाम परक्यासारखा बोललो, "इतके सालं घालवून तुमी नापास झाले." ते हसले. "हो, नापासच," म्हणाले. पाणी प्यायले आणि पॅसेंजरनं परत गेले. मनात आणलं असतं तर तिथंच, चार गिऱ्हाइकांसमोर, माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना...

तेराव्यानंतर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. "तुमच्या कामाची हाय म्हनत होते." त्यांच्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी बसून मी वाचली. अक्षर मोडी नव्हे, बाळबोध, अगदी माझ्यासाठी काढल्यासारखं. कोतवालाच्या नोंदीचं पान आलं. घर, काशी सुईणीचं. आणि शेवटी, शेऱ्याचा रकाना: 'आबाजीची तीन मुलं दगावली, सबब हे चौथं सुपात घालून पसाभर कोंड्यावर सुईणीस विकत दिलं. मूळ बाप आबाजी.'

पोरं जगत नसली की आमच्याकडं असंच करायचे. पोर दुसरीचं झालं म्हणजे त्याच्यावरची नजर चुकते. बारा दिवस ते तिच्या घरी ठेवायचं, मग आणायचं. कोतवाल त्या बारा दिवसांत आला असणार. पोर जिथं दिसलं ते घर त्यानं लिहिलं, आणि खरं काय ते शेवटच्या रकान्यात. कोंडबा हे नावही त्या कोंड्यावरूनच पडलं. जन्मभर तेच नाव लावून माझे वडील गेले. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

त्याखाली वामनभाऊंनी लिहिलं होतं: 'नक्कल हाती आली त्याच दिवशी हा शेरा मी एकट्यानं वाचला. एकट्याच्या वाचण्याला पुरावा म्हणता येत नाही. म्हणून वंशावळीत कोंडबाचं नाव तूर्त पेन्सिलीनं.' आणि समोर, 'नक्कल कुठं आहे' या जागी: 'उंदरांनी खाल्ली.'

मी ती सबंध वही चाळली. कुठंही ऐकीव गोष्ट त्यांनी खरी म्हणून लिहिलेली नाही. स्वतःच्या बापाचं वय ठाऊक नव्हतं, तर 'ठाऊक नाही' लिहिलं. एवढी एकच ओळ खोटी... आणि मला नाव ठेवलं जाऊ नये म्हणून.

शांता आता दुसरीकडं, बिजवराला दिली आहे. थोरली पाती म्हणते, वामन मरताना भावाच्या मायेत वाहवला. मी त्यांच्याशी भांडायला निघतो आणि चावडीपासूनच परत फिरतो, जन्मात पहिल्यांदा. दाखवायला माझ्याकडं काही नाही, आणि का नाही ते मला माहीत आहे. वामनभाऊंनी काढलेल्या वंशावळीचा कागद मी दुकानात आणून ठेवला आहे. वडिलांच्या नावावरची पेन्सिल आत्ताच पुसट होत चालली आहे. शाई फिरवायचा मला हक्क नाही. भाऊ असते तर फिरवू दिली नसती.

तेवढी एक ओळ मात्र मला दुरुस्त करता येते. वहिनींच्या घरात उंदीर नव्हते. नक्कल मी फाडली. कोणी सांगितलं: नामदेव वल्द कोंडबा वल्द आबाजी.