लुदोविना रोलोनची साक्ष

लुदोविना रोलोन नदी ओलांडून आली ती एका फ्रिजवर बसून. फ्रिज शेजाऱ्यांचा होता. चार जणांनी तो आडवा करून खांद्यावर घेतला होता. ताचिरा या सरहद्दीच्या नदीचं पाणी कमरेच्या वर चढलं आणि तिचे पाय टिकेनात, तेव्हा त्यांनी तिलाही उचलून वर बसवलं. "संतिणीची मिरवणूकच निघाली," असं ती पुढे स्वतःच सांगून हसायची. "फुलांच्या माळा तेवढ्या कमी होत्या."

त्या ऑगस्टमध्ये पलीकडच्या सरकारने पूल बंद केला. नदीकाठच्या वस्तीत शिपाई दारोदार फिरले, इकडच्या, म्हणजे आमच्या कोलंबियाच्या माणसांच्या दारांवर रंगाने खुणा करून गेले, आणि खूण ज्याच्या दारावर त्याने घर सोडायचं, असं सांगण्यात आलं. तरुणपणी तिकडे गेलेली, तिकडेच म्हातारी झालेली माणसं गाद्या, कोंबड्या आणि छपराचे पत्रे डोक्यावर घेऊन आपल्याच देशात पाहुण्यासारखी उतरली. आमच्या सरकारने त्यांच्यासाठी गावच्या शाळेच्या पटांगणात तंबू ठोकले. मी त्या शाळेत शिकवायचे आणि अजूनही समोरच राहते, त्यामुळे सकाळी कॉफीचं भांडं घेऊन तिथे जाणं ओघानेच आलं. लुदोविनाची आणि माझी ओळख तिथली.

ती सुईण होती. बुटकी, रुंद, हात मात्र लहान मुलीसारखे बारीक. त्या हातांचा तिला अभिमान होता आणि ती रोज संध्याकाळी त्यांना खोबरेल चोळायची. वस्तीत पाद्री क्वचितच फिरकायचा, म्हणून मूल जन्मलं की लुदोविनाच त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायची आणि जिभेला मिठाचा कण लावायची. असं पाणी घालणारी बाई मुलाच्या आईबापांची कोमाद्रे होते आणि मुलाचा बाप तिचा कोम्पाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्याही वरचं. कोम्पाद्रेशी कोणी भांडत नाही, त्याच्याशी कोणी खोटं बोलत नाही, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणत नाही. लुदोविना अर्ध्या वस्तीची कोमाद्रे होती.

तंबूत आल्यावर याच गोष्टीमुळे तिला मान आला. परत आलेल्यांना सरकार भाड्याची खोली मिळवून देत होतं, आणि ज्यांना आपल्या मूळ गावी जायचं त्यांच्यासाठी बस सोडत होतं. पण तिकडे जन्मलेली मुलं इकडची ठरवायची तर त्यांचा जन्म माहीत असलेले दोन साक्षीदार लागत. एक साक्षीदार कोणीही सापडायचा. दुसरी लुदोविना.

टेबलामागे मारित्सा नावाची तरुण अधिकारी बसायची. ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाला आमचे लोक डॉक्टरच म्हणतात, तशी ती डॉक्टर मारित्सा.

"नोना, या मुलाच्या जन्माला तुम्ही होतात?"

"होते. पायाकडून आला. अजूनही बघा, सगळीकडे पायच आधी घालतो."

आजीला आमच्याकडे नोना म्हणतात. रांगेतली माणसं हसायची, डॉक्टर मारित्सा हसू दाबून शिक्का मारायची. लुदोविना खरं तेच सांगायची. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायची, मग समोरचा कितीही गयावया करो.

तिचा स्वतःचा जीव मात्र टांगणीला लागलेला होता. मुलगा एदिल्सन आणि सून नुबिया अजून पलीकडेच होते. नुबियाचे दिवस भरत आले होते आणि त्या अवस्थेत तिला खळाळत्या पाण्यातून आणायची कोणाची हिंमत होत नव्हती. गरोदर बायकांना पुलावरून सोडणार अशी बातमी रोज सकाळी यायची आणि रोज संध्याकाळी खोटी ठरायची. दुसरा मार्ग एकच होता. नदीकाठच्या उसातून जाणारी एक वाट होती आणि ती अबुंदिओ गाल्विसची होती. तिथून त्याच्या परवानगीशिवाय कोंबडीही पलीकडची इकडे येत नसे.

एका दुपारी हा अबुंदिओ तंबूत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हॅट, बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. त्याने लुदोविनासाठी एक जिवंत कोंबडी आणली होती. त्याच्या मागे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या पायात नवे कोरे बूट होते आणि ते तिला लागत होते.

"कोमाद्रे, वाळलात तुम्ही. सरकार जेवायला घालतं ना?"

"घालतं की. मीठ तेवढं विसरतं. तुम्ही मात्र सुटलात, कोम्पाद्रे. नदी बंद झाली ती तुमच्या अंगी लागली."

तो मनापासून हसला. "नदी बंद झाली ती दुसऱ्यांना." मग त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "ओळखलंत? ही युलेइमा. माझी मुलगी. तुम्हीच पाणी घातलंत हिच्यावर."

लुदोविना मुलीकडे बघत राहिली. मी शेजारीच कॉफी ओतत होते.

"मोठी झाली," शेवटी लुदोविना म्हणाली.

"मुली वाढतातच. उद्या सकाळी त्या डॉक्टरीणबाईंना तेवढंच सांगायचं. मग ही बसने आत जाईल, मेदेयिनला, माझ्या बहिणीकडे."

"तुम्हाला बहीण आहे, कोम्पाद्रे?"

"आता आहे." त्याने हॅट डोक्यावर ठेवली. "आणि एदिल्सनची काळजी सोडा. कालच भेटला. उद्या दुपारी त्या दोघांना माझ्याच वाटेने आणतो. नुबियाला गादीवर झोपवून आणतील, तिच्या पायाला पाणी लागणार नाही. माझा शब्द आहे. आज पोरीला ठेवा तुमच्याजवळ, जरा ओळख होऊ दे."

तो गेला, पण त्याचा एक माणूस शाळेच्या फाटकासमोर दगडावर बसला आणि चाकूने अननस कापून खाऊ लागला. त्याचा अननस काही संपेना.

अबुंदिओला युलेइमा नावाची मुलगी होती, हे खरं होतं. ती आठ महिन्यांची असताना तापाने गेली. पाणी घातलेलं तान्हं बाळ गेलं की ते देवदूत होतं, म्हणून आमच्याकडे रडत नाहीत, गातात. लुदोविनानेच तिला आंघोळ घातली, पांढरा झगा घातला आणि पाठीला कागदाचे पंख चिकटवले. "बापाने रात्रभर गिटार वाजवली," ती मला म्हणाली. "बोटं सोलून निघाली त्याची. तेव्हा माणूस होता." मग पुरून आले. त्या वस्तीतून बाळाच्या मरणाची वर्दी द्यायला कोण कुठल्या ऑफिसात जाणार? कागदावर ती मुलगी जिवंतच राहिली आणि तिचं वय वाढत गेलं.

दुपारभर लुदोविना त्या मुलीचे केस विंचरत बसली. गुंता सोडवता सोडवता विचारत होती.

"बूट काढ की. इथे कोणी पाहुणे नाहीत."

"काढायचे नाहीत म्हणाले."

"बरं. आई कुठे असते तुझी?"

"मी युलेइमा गाल्विस," मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली.

"ते ऐकलं मी. आई हाक कशी मारते?"

मुलगी हळूच म्हणाली, "योरलेनी." आणि मग खाली मान घालून, "एका घरात कामाला लावणार आहेत. मोठं घर आहे. आईला सांगू नको म्हणाले."

"तुझ्यावर पाणी कोणी घातलं?"

"कोणीच नाही. पाद्री येणार होता, पण आला नाही."

मी लुदोविनाला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्ताच्या आत्ता मारित्साला सांगा."

"फाटकावर तो अननसवाला बसलाय. मी त्या टेबलाकडे वेळेआधी गेले, तर त्याचा निरोप नदीपलीकडे आधी पोचेल. तिकडे माझं पोर आहे."

"मग उद्या खोटं सांगणार?"

"मी काय आयुष्यात खोटं बोलले नाही? किती बापांना सांगितलंय, मूल अगदी तुमच्यावर गेलंय म्हणून." ती हसली, पण तेलकट बोटं एकमेकांत गुंतवून घट्ट धरली होती. "शिवाय तो माझा कोम्पाद्रे आहे. त्याने मागितलंय."

सकाळी रांग लागली. अबुंदिओ स्वतः हजर होता, दाढी करून आलेला. डॉक्टर मारित्साने नेहमीसारखं विचारलं, "नोना, या युलेइमाच्या जन्माला तुम्ही होतात?"

"युलेइमाच्या जन्माला होते," लुदोविना म्हणाली. "तिच्या मरणालाही होते. पंख मीच लावले."

डॉक्टर मारित्साच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो लुदोविनाने उचलला, दुसऱ्या हाताने मुलीला ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर ग्लास तिच्या डोक्यावर रिकामा केला.

"योरलेनी," ती मोठ्याने म्हणाली, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आता हिची धर्ममाता मी. हिला कुठे न्यायचं, ते मला विचारायचं."

रांगेतल्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. अबुंदिओचाही हात आपोआप कपाळाकडे गेला, मी पाहिलं. मग तो हात त्याने खाली घेतला आणि हॅट नीट केली.

"छान केलंत, कोमाद्रे," तो त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "आता आपलं नातं दुहेरी झालं."

डॉक्टर मारित्सा फोनवर ओरडून पोलिसांना बोलावत होती, तोवर तो घाई न करता फाटकाबाहेर गेला होता. दुपारच्या आत मुलांचं बघणाऱ्या खात्याची गाडी आली आणि योरलेनीला घेऊन गेली. ती अनवाणी होती. बूट तिने माझ्याकडे दिले आणि विचारलं, "आईला कळवाल?" तिच्या आईचा पत्ता लागला आणि महिन्याभरात ती आईकडे पोचली, एवढं इथेच सांगून टाकते.

ठरलेल्या दुपारी एदिल्सन आला नाही. संध्याकाळीही नाही. लुदोविनाने कोंबडी कापली नाही की कोणाला दिली नाही, ती तंबूच्या खांबाला बांधलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अननसवाला आत आला आणि टोपी काढून अदबीने उभा राहिला.

"नोना, कोम्पाद्रेंनी बोलावलंय. नुबियाला काल संध्याकाळपासून कळा येतायत. मूल आडवं आहे म्हणतात. तिकडे दुसरी सुईण उरली नाही, सगळ्या इकडे आल्या."

लुदोविना उठली आणि पिशवी भरू लागली. कात्री, दोरा, स्वच्छ फडकी. डॉक्टर मारित्सा धावत आली.

"जाऊ नका. हा सापळा आहे, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. पण मूलही आडवं असेल. दोन्ही एकदम खरं असू शकतं."

"नोना, नदीच्या या काठापर्यंत मी तुमच्यासाठी काहीही करू शकते. खोली, बस, पोलीस, सगळं. पाणी सुरू झालं की मी कोणीच नाही. तुम्हाला परत आणायला मी कोणाला पाठवू?"

"पोरी, बोलावलं की सुईण जाते. कोण बोलावतंय ते बघत बसलो असतो, तर अर्धा देश जन्मलाच नसता."

मारित्सा तिथेच रडायला लागली. लुदोविनाने तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, "तू उभ्याने जेवतेस. तेवढं सोड." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही यायचं नाही नदीपर्यंत. ऊन फार आहे."

मी गेलेच. त्या माणसाने तिला पाठुंगळीवर घेतलं, पिशवी तिने डोक्यावर धरली आणि दोघं पलीकडच्या उसात दिसेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी एदिल्सन, नुबिया आणि त्यांची तान्ही मुलगी आली. नुबिया गादीवर होती. तिच्या पायाला पाणी लागलं नव्हतं. अबुंदिओने शब्द पाळला होता. लुदोविना मात्र त्यांच्यासोबत नव्हती.

डॉक्टर मारित्साने पलीकडच्या अधिकाऱ्यांना कळवलं, वरच्या ऑफिसांत लिहिलं, बंद पुलाच्या मधोमध जाऊन दोनदा तिकडच्या शिपायांशी बोलली. उत्तर एकच आलं, अशी कोणी बाई आमच्याकडे नाही. बस आली तेव्हा एदिल्सनने बायकोला आणि मुलीला चढवलं आणि स्वतः खालीच राहिला. अजून तो नदीकाठीच टायरच्या दुकानात काम करतो. पलीकडे जे घडलं ते त्याने मला एकदाच सांगितलं.

मूल खरंच आडवं होतं. लुदोविनाने तास न् तास पोट चोळून ते फिरवलं. तेवढा वेळ अबुंदिओ दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. अधूनमधून आत कोंबडीचा रस्सा पाठवत होता, आवाज करणाऱ्यांना गप्प करत होता. मूल रडलं तेव्हा त्याने सगळ्यांच्या आधी अभिनंदन केलं. मग दोन दिवस नुबियाला नीट झोपू दिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोरांना जाऊ दे आता. तुम्ही थांबा, कोमाद्रे. आणखी एका घरी जायचंय."

"कोणाच्या?" एदिल्सनने विचारलं.

लुदोविनाने काही विचारलं नाही. "बायकोला कोरडी ने," एवढंच ती मुलाला म्हणाली, "आणि मागे बघू नकोस, पाय घसरेल."

नदीच्या मध्यावर त्याने मागे पाहिलं. काठ चिखलाने निसरडा झाला होता. अबुंदिओने तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली होती, दुसरा हात तिला आधारासाठी पुढे केला होता, आणि ती तो धरून जपून जपून वर चढत होती.